इलेक्ट्रिक रंध्याने गुळगुळीत फिनिश: नुसतं मशीन पुरेल, मागून सँडर घ्यावा, की हातरंधा?

इलेक्ट्रिक रंधा घेतलाय किंवा घ्यायचा विचार चाललाय, आणि अडलंय ते एवढ्यावरच की याने लाकूड थेट पॉलिश मारण्याइतकं गुळगुळीत होतं का, का मागून सँडर (पॉलिश पेपरने घासणारं मशीन) लागतोच, का त्यापेक्षा साधा हातरंधा बरा. मशीन कुठल्या कंपनीचं आणि किती वॉटचं हे सगळे विचारतात, पण माझ्या मते आधी बघायची गोष्ट म्हणजे तुमचं लाकूड किती रुंद आहे.

हातात धरायच्या बहुतेक मशीनचं पातं ८२ मिमी रुंद असतं. काम त्यापेक्षा अरुंद असेल, म्हणजे दरवाजाची कड, चौकटीचं लाकूड, टेबलाचा पाय, फळीची जाडीची बाजू, तर पातं एका फेरीत अख्खी रुंदी घेतं आणि नीट सेट केलेल्या मशीनने खरंच छान फिनिश मिळतं, वरून पॉलिश पेपरचे चार हात मारले की काम झालं. पण टेबलाचा टॉप किंवा रुंद फळी असेल तर शेजारी शेजारी फेऱ्या माराव्या लागतात आणि प्रत्येक फेरीच्या कडेला पात्याच्या कोपऱ्याची एक बारीक पायरी उरते, तुम्ही कितीही सावकाश मारा, अर्धी फेरी आधीच्या फेरीवर चढवून मारा, पायरी कमी होते पण पूर्ण जात नाही. हातरंध्याच्या पात्याचे कोपरे धार लावताना किंचित गोल करता येतात म्हणून त्याची रेघ उठत नाही, मशीनचं पातं सरळच्या सरळ लागतं. म्हणून रुंद कामाला मशीननंतर दुसरं काहीतरी लागणारच, हे मनाशी धरूनच पुढचं ठरवा.

नुसत्या मशीनने कुठवर जाता येतं

मशीनमध्ये पातं लाकडावरून सरळ सरकत नाही, ड्रम फिरतो आणि त्यावरची पाती एकामागून एक छोटे खोलगट घाव घालत जातात, त्यामुळे वरवर सपाट दिसणारा पृष्ठभाग खरं तर बारीक लाटांचा असतो. त्या लाटा किती जवळ जवळ पडतात यावर सगळं आहे. हिशोब करून बघा, १६,००० आरपीएमचं (मिनिटाला तितके फेरे घेणारं) मशीन आणि दोन पाती म्हणजे मिनिटाला ३२,००० घाव. एक मीटरची फळी १० सेकंदात पार केली तर दोन घावांमधलं अंतर साधारण ०.१९ मिमी येतं, तीच फळी ३ सेकंदात ढकलली तर ०.६ मिमीच्या वर जातं. आणि यातली खरी मेख म्हणजे दोन्ही पाती अगदी एका उंचीला नसली तर जे पातं जास्त बाहेर आलंय त्याचाच घाव शेवटी उरतो, दुसरं नुसतं सोबत फिरतं, म्हणजे अंतर थेट दुप्पट, सव्वा मिमीच्या आसपास, आणि मग लाटा तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात, पॉलिश चढल्यावर तर आणखीच. त्यामुळे दोन हजार आरपीएम जास्त असलेलं मशीन शोधत बसण्यापेक्षा पाती लेव्हलला आणणं आणि हात सावकाश ठेवणं यात कितीतरी जास्त फायदा आहे.

लेव्हल बघायची पद्धत सोपी आहे. प्लग काढा (बॅटरीचं असेल तर बॅटरी काढा), मशीन उलटं धरा, मागच्या बेसवर (पात्यामागच्या सपाट तळावर) एक सरळ स्टीलची पट्टी ठेवा जी ड्रमवरून पुढे येईल, आणि ड्रम हळूच फिरवा, फिरवताना बोटं धारेपासून लांब. पातं सगळ्यात वर येतं त्या जागी ते पट्टीला जेमतेम चाटून गेलं पाहिजे, डाव्या टोकाला, उजव्या टोकाला आणि दोन्ही पात्यांना सारखंच. पातं मागच्या बेसपेक्षा वर आलेलं असेल तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो, खाली राहिलं असेल तर मशीन थोडं पुढे गेल्यावर कापायचंच कमी होत जातं आणि फळी उतरती होते. शेवटाला खड्डा पडतो म्हणून बरेच जण आपल्या हाताला दोष देतात, पण कितीदा तरी दोष पात्याच्या उंचीत असतो. हाताचं काम एवढंच की सुरुवातीला भार पुढच्या बेसवर, मध्ये दोन्हीकडे सारखा, आणि शेवटाला मागच्या बेसवर.

खोलीचं म्हणाल तर रफ कामाला १ ते १.५ मिमी चालतं, पण शेवटच्या एक-दोन फेऱ्या ०.३ मिमीच्या आसपास घ्या, त्याने टवके खूप कमी निघतात. लाकडाच्या रेषा कुठल्या बाजूला चढतायत ते फळीच्या कडेवर बघा आणि चढत्या बाजूनेच मारा, उलट मारलं की तंतू उचकटतात आणि असा टवका निघाला की तो घालवायला अख्ख्या फळीची जाडी कमी करावी लागते. फळीच्या आडव्या कापलेल्या टोकावर मारायचं असेल तर पलीकडचा कोपरा फुटतो, तिथे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत मारा किंवा पलीकडे एक टाकाऊ तुकडा क्लॅम्प करा.

अजून एक गोष्ट जिच्याकडे लक्ष जात नाही, ती म्हणजे छिलके. बाहेर पडायचं तोंड तुंबलं की छिलके बेसखाली येतात आणि मऊ लाकडात छोटे छोटे दाब उमटवतात. लोकांना वाटतं पातं खराब झालं. व्हॅक्युम जोडा नाहीतर प्रत्येक फेरीनंतर फळी झटका, बस.

पाती कुठली: कार्बाइड की एचएसएस

दोन्हींचं तत्त्व वेगळं आहे. कार्बाइडची (खूप कडक धातू-मिश्रणाची) छोटी पातळ पाती दोन्ही बाजूंनी धारेची असतात, एक बाजू गेली की उलटी करून बसवायची, दुसरी गेली की बदलायची, धार लावायची भानगड नाही आणि बहुतेक मशीनमध्ये ती होल्डरमध्ये आपल्या जागी बसतात त्यामुळे उंची लावायलाही कमी त्रास. एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) पाती रुंद आणि जाड असतात, त्यांना पुन्हा पुन्हा धार लावता येते, आणि ताजी धार लावलेलं एचएसएस पातं कार्बाइडपेक्षा बारीक धार घेतं, म्हणजे मऊ लाकडावर पहिल्या काही फेऱ्यांत त्याचं फिनिश उजवं असतं. पण ती धार टिकत नाही. सागवानात सिलिका असते आणि प्लायवूडमध्ये गोंदाचे थर असतात, दोन्ही एचएसएसची धार पटकन खातात. शिवाय धार लावताना दोन्ही पात्यांना बरोबर सारखीच लावायची, वजन सारखं ठेवायचं आणि मग गेजने उंची सेट करायची, यातलं एक चुकलं की मशीन थरथरतं आणि लाटा परत आल्या. धार लावायची सवय आणि हौस असेल तरच एचएसएस घ्या. बाकी सगळ्यांना मी कार्बाइडच सांगेन. फक्त खिळा लागू देऊ नका, कार्बाइड कडक असतं पण ठिसूळ, कणभर तुकडा उडाला की त्या जागी प्रत्येक फेरीत एक उंच रेघ उठत राहते.

एक तिसरा प्रकारही आहे, ड्रमवर तिरकं वळलेलं एकच पातं, फेस्टूलच्या एचएल ८५० मध्ये असं असतं. त्याचा घाव एकदम न बसता कडेपासून सरकत बसतो म्हणून आवाज कमी आणि कट मऊ. चांगलं आहे, पण फक्त फिनिशसाठी एवढा खर्च करायची गरज मला वाटत नाही.

बोथट पात्याबद्दल जरा जोर देऊन सांगतो, कारण ते फसवतं. बोथट पातं लाकूड कापायच्या ऐवजी दाबतं आणि घासतं, त्याने पृष्ठभाग हाताला गुळगुळीत आणि चमकदार लागतो, पण तंतू दाबलेले असतात, तिथे स्टेन (लाकडात मुरणारा रंग) एकसारखा शोषला जात नाही, डाग डाग दिसतात, आणि पाण्यातलं फिनिश लावलं की दाबलेले तंतू परत फुगून वर येतात. मशीन ढकलायला जोर लागतोय, जळका वास येतोय, छिलक्याऐवजी बारीक भुसा पडतोय, यातलं काहीही दिसलं की पातं बदला.

मागून काय: सँडर की हातरंधा

सँडरमध्येही दोन आहेत. बेल्ट सँडर ताकदवान, ८० नंबरच्या (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) पट्ट्याने पायऱ्या झपाट्याने काढतो, पण जरा तिरका टेकला किंवा एका जागी थांबला की खड्डा, आणि तो खड्डा मशीनच्या पायरीपेक्षा वाईट. नवीन माणसाने यापासून लांब राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. १२५ मिमीचा रँडम ऑर्बिट सँडर (गोल चकती फिरता फिरता हलते तो) हळू आहे पण माफ करतो. ८० ने सुरू करा, लाटा आणि पायऱ्या ८० नेच पूर्ण घालवा, मग १२०, मग १८०. मधला नंबर गाळला की आधीच्या कागदाचे छोटे गोल ओरखडे राहतात आणि ते नेमके स्टेन लावल्यावर दिसतात. फळीवर पेन्सिलने आडव्या-तिडव्या रेघा मारून घ्या, रेघा सगळ्या गेल्या म्हणजे तो नंबर झाला. वरून दाब देऊ नका, मशीनच्या वजनाने होऊ द्या. तोटे म्हणाल तर धूळ भरपूर, मास्क लागतोच, आणि मऊ-कडक रेषांच्या लाकडात मऊ भाग जास्त घासला जाऊन पृष्ठभाग किंचित वर-खाली होतो.

हातरंध्याचं फिनिश वेगळ्याच जातीचं असतं. चार नंबरचा स्मूदिंग रंधा (शेवटच्या सफाईचा हातरंधा), पातं खरंच धारदार, छिलका कागदासारखा पातळ, अशा वेळी लाकूड घासलं जात नाही, कापलं जातं, रेषा उठून दिसतात आणि उजेडात एक खोली येते जी कुठल्याही कागदाने येत नाही. धूळ नाही, आवाज नाही, आणि मशीनने उरलेल्या पायऱ्या तो दोन-चार फेऱ्यांत साफ करतो. मला स्वतःला हाच मार्ग आवडतो आणि फर्निचर करणाऱ्या कुणालाही मी हाच सांगेन. पण धार लावायला शिकावं लागतं, यात शॉर्टकट नाही, बोथट हातरंधा मशीनपेक्षा जास्त टवके काढतो. गाठी आणि उलट-सुलट रेषांचं लाकूड असेल तर तिथे हातरंधाही अडतो, तेवढ्या जागी स्टीलची पातळ स्क्रॅपर पट्टी वापरा, तिच्या कडेला बारीक काटा वळवलेला असला की ती गाठीवरूनही टवका न काढता जाते.

मग कुणी काय घ्यावं? दरवाजे घासणं, कडा सरळ करणं, चौकटी बसवणं एवढंच काम असेल तर कार्बाइड पात्यांचं मशीन आणि पॉलिश पेपर, सँडरवर पैसे घालू नका. अधूनमधून टेबल, शेल्फ, रुंद फळ्या करणार असाल आणि वरून पेंट किंवा गडद स्टेन मारणार असाल तर मशीनच्या मागून रँडम ऑर्बिट सँडर, कारण रंगाखाली हातरंध्याचं सौंदर्य दिसणारच नाही. लाकडाची रेषा दाखवायची असेल, तेल किंवा पारदर्शक पॉलिश लावणार असाल आणि हे काम तुम्ही वर्षानुवर्षं करणार असाल तर हातरंधा आणि धारेचा दगड. जुनं लाकूड असेल तर मात्र यातलं काहीही लावायच्या आधी खिळे शोधून काढा.

बजेट एकाच वस्तूला पुरत असेल आणि मशीन आधीच घरात असेल तर सँडर नको, हातरंधाही नको, आधी पात्यांचा एक नवीन जोड घ्या, तो फक्त शेवटच्या फेऱ्यांसाठी वेगळा ठेवा आणि रफ काम जुन्या जोडावर करा. हे करून बघितल्यावर मागून काय लागतंय ते तुमची फळीच सांगेल.