स्प्लेंडरच्या इंजिनासाठी जमवलेली हत्यारं: वर्षभराच्या वापरानंतर

गाडी जुनी स्प्लेंडर, ९७.२ सीसीची. रोजच्या कामाचे डबल पाने, रिंग पाने, टी-पाना कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. नाशिकच्या तपारियाचे घेतले की तो विषय संपला. खरी पंचाईत पुढे असते. मॅग्नेट (वीज तयार करणारं चुंबकी चाक) काढायचंय, क्लचचा नट सोडायचाय, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावायचेत, म्हणजे त्या त्या कामाचं हत्यारच हवं. ते नसलं की छन्नी-हातोडी निघते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गॅरेजमध्ये तीच निघते. वर्षभरात एकेक करून ही हत्यारं घेतली. त्यातली कुठली पैसे वसूल करतात आणि कुठली डब्यात पडून राहतात, ते सांगतो.

मॅग्नेट पुलर, म्हणजे मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार, आधी घ्या. मॅग्नेट क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निमुळत्या टोकावर इतकं गच्च बसलेलं असतं की नट काढला तरी हलत नाही. मागून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर कॉइल जाते, वरून ठोकलं तर चुंबकाला तडा जातो. पुलर मॅग्नेटच्या आट्यांवर हातानेच शेवटपर्यंत फिरवायचा, मगच मधला बोल्ट आवळायचा. बोल्ट ताठ झाला की त्याच्या डोक्यावर हातोडीचा एक नेमका टोला द्यायचा. टक् आवाज येतो आणि मॅग्नेट सुटतं. लगेच अर्धगोल चावी शोधा. ती चुंबकाला चिकटून बसते आणि आपण जमिनीवर हात फिरवत राहतो.

ऑनलाइन ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असं लिहून विकलेला पुलर मात्र माझ्याकडे दुसऱ्याच वेळी वाया गेला. लोखंड इतकं मऊ की पुलरचेच आटे सोलले गेले. नशीब, मॅग्नेटचे शाबूत राहिले. विक्रेत्याने परत घेतला नाही. मग पुण्याच्या नाना पेठेत गेलो. तिथे व्हर्नियर, पिच वगैरे काही सांगावं लागत नाही. गाडीचं नाव आणि साल सांगितलं की काउंटरवरचा माणूस मागे न बघता हात घालतो आणि बरोबर पुलर काढतो. सालाला महत्त्व आहे, ते नक्की सांगा. बोहरी आळीतही हत्यारांची दुकानं चिक्कार, पण तिथे साधी हत्यारं, ड्रिल, टॅप-डाय यांच्यासाठी जावं. गाडीच्या मॉडेलप्रमाणे लागणारं हत्यार नाना पेठेतच.

दुसरं, चार दातांचा क्लच सॉकेट. किंमत किरकोळ, काम मोठं. क्लचच्या बाजूचं कव्हर उघडलं की सेंट्रीफ्यूगल फिल्टरचं झाकण दिसतं आणि त्याच्या आत चार खाचांचा नट. ऑइलमधला बारीक कचरा फिल्टर गोल फिरताना कडेला फेकला जाऊन तिथेच थापला जातो. माझ्या गाडीच्या नटाच्या खाचा आधीच चावलेल्या होत्या. कोणीतरी छन्नी लावून ठोकल्याच्या खुणा. म्हणजे कचरा काढायला उघडायचं आणि लोखंडाचा किस आत सोडून झाकण लावायचं! सॉकेट लावण्याआधी लॉक वॉशरची दुमडलेली जीभ सरळ करायला विसरू नका, आणि नट फिरताना क्रँक फिरू नये म्हणून होल्डर लागतो. होल्डरवर फार खर्च करायची गरज नाही, पट्टीचा साधाही चालतो.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच बोल्ट आवळायचा पाना. त्याच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. बाजारात सहज मिळतो तो अर्ध्या इंची, कारच्या चाकांसाठीचा. त्याचा आकडा सुरू होतो तिथे आपल्या इंजिनाचे बोल्ट केव्हाच तुटलेले असतात. कव्हरच्या ६ मिमी बोल्टांना १०-१२ न्यूटन मीटर पुरतं, ऑइलच्या ड्रेन बोल्टला साधारण २४. म्हणजे पाव इंची, ५ ते २५ न्यूटन मीटरचा घ्यायचा. महाग वाटतो, पण ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे एकदा गेले की हेलिकॉइलचा (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या आट्यांचा) खर्च आणि मनस्ताप वेगळाच. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, त्यांना ९.८ ने गुणा. काम झालं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, आणि बोल्ट सोडायला तो कधीच वापरायचा नाही. शेजारी मागायला आले तर हेही सांगून द्या. किंवा देऊच नका.

टॅपेटसाठी चौकोनी तोंडाची चावी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा सेट), दोन्ही स्वस्त. इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर, मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण खाचेसमोर. २० पात्यांच्या सेटमधलं सगळ्यात पातळ पातं ०.०५ मिमीचं असतं. ते किंचित अडकत सरकलं की फट बरोबर आहे हे हाताला कळतं. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून पातं पुन्हा घालून बघायचंच. बुलेटच्या युसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेल्या) इंजिनवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, त्यांचे टॅपेट हायड्रॉलिक.

अनपेक्षितपणे सगळ्यात जास्त वापरला गेला तो जेआयएस (जपानी मानकाचा) स्क्रूड्रायव्हर. जपानी गाड्यांचे चौफुली स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही; जोर लावला की निसटून वर येतं आणि खाच गोल होते. बऱ्याच स्क्रूंवर खाचेशेजारी एक बारीक टिंब असतं, ती ओळख. मित्राच्या आरएक्स १०० च्या मॅग्नेट कव्हरचे स्क्रू वर्षानुवर्षं असेच चावलेले होते. त्यांना इम्पॅक्ट ड्रायव्हरच लावावा लागला: दाबून धरायचा, मागून हातोडी, की स्क्रू चटकन सुटतो.

व्हॉल्व्ह स्प्रिंग कंप्रेसर आणि रिंग कंप्रेसर (व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि पिस्टनच्या रिंगा दाबून धरायची हत्यारं) मी घेतलेले नाहीत. हेड उतरवायची वेळ आली की मी लेथवाल्याकडेच जातो. व्हॉल्व्ह लॅप करून (घासून बैठक घट्ट करून) तोच बसवून देतो, आणि त्याच्याकडचा कंप्रेसर माझ्या बजेटमधल्या कुठल्याही कंप्रेसरपेक्षा चांगला आहे.