घरभर वायरलेस संगीत, हातात फोन: गोव्यातल्या घरासाठी कोणती व्यवस्था घ्यावी?

चार खोल्यांत एकच नाट्यपद लावायचं आणि स्वयंपाकघरातला आवाज तेवढा कमी करायचा, हे काम बाजारातली प्रत्येक व्यवस्था फोनवरच्या ॲपमधून करते. दुकानात सगळ्याच छान वाजतात. खरा फरक घरी आणल्यावर कळतो: जूनच्या पहिल्या पावसात नेट जातं तेव्हा, किंवा चिऱ्याच्या दीड हात जाड भिंतीपलीकडची खोली मधूनच गप्प होते तेव्हा. म्हणून वॉट आणि किंमत नंतर बघा. आधी दोन गोष्टी विचारा. गाणं फोनमधून जातं की स्पीकर ते स्वतः आणतो? आणि ॲपची आज्ञा घरातल्या घरात पोचते की कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून येते?

ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधूनच जातं. पोच साधारण १० मीटर, मध्ये चिरा आला की आणखी कमी, आणि फोन आला की गाणं बंद. घरभर संगीतासाठी ते बाद. २०१८ साली आलेलं ॲपलचं एअरप्ले २ वाय-फायवरून अनेक खोल्या एकत्र बांधतं आणि छान बांधतं. पण आयफोनवरून लावलेलं गाणं बहुतेक वेळा फोनमधूनच जात असतं, त्यामुळे फोन खिशात घालून तुम्ही बाजारात निघालात की घरातलं संगीत थांबतं. गूगल कास्ट आणि स्पॉटिफाय कनेक्टमध्ये फोन नुसता सांगतो, स्पीकर नेटवरून गाणं स्वतः ओढतो. घरात आजी-आजोबा दुपारभर अभंग ऐकत असतील आणि फोन कामावर जाणाऱ्याच्या खिशात असेल, तर हा एकच मुद्दा निर्णयाला पुरेसा आहे.

इथे एक अडचण विकत घेताना कोणी सांगत नाही. स्पॉटिफायच्या एका खात्यावर एका वेळी एकच गाणं चालतं. हॉलमध्ये एक आणि माडीवर दुसरं हवं असेल तर दुसरं खातं किंवा फॅमिली प्लॅन लागतो. स्पीकर कितीही महाग असला तरी हे बदलत नाही.

चार पर्याय

सोनोस ही या क्षेत्रातली जुनी कंपनी. खोल्या जोडणं, वेगळ्या करणं, आवाज एकत्र हलवणं, सगळं सफाईदार. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर ॲप असलं की कोणीही चालवू शकतं. घरच्या डिस्कवरची गाणीही वाजतात, मर्यादा ६५,००० गाण्यांची. पण इथे सगळं ॲपवर अवलंबून आहे. २०२४ च्या मे महिन्यात ॲप नव्याने आलं तेव्हा अलार्म आणि स्लीप टायमरसारख्या साध्या सोयी त्यात नव्हत्या. त्या टप्प्याटप्प्याने परत आल्या, आणि २०२५ च्या जानेवारीत मुख्याधिकारी पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले. शिवाय २०२० पासून जुनी आणि नवी उपकरणं एस१ आणि एस२ अशा दोन ॲपमध्ये विभागली गेली आहेत. एस२ वर न चालणारं उपकरण नव्यांच्या गटात येत नाही. जुना सेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेण्याआधी हे तपासाच.

वीम या कंपनीचे डबे वेगळ्या विचाराचे आहेत. स्पीकर तुमचेच, ॲम्प्लिफायर तुमचाच. डबा फक्त वाय-फायवरून गाणं आणून त्यांना देतो. मिनी हा डबा छोटा आणि स्वस्त, पण त्याला लॅन केबल जोडता येत नाही. प्रो या मोठ्या डब्याला जोडता येते. ॲम्प्लिफायर नसेल तर वीम ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक बाजूला ६० वॉट देतो. घरी आयफोन असेल तर खोक्यावर एअरप्ले लिहिलंय का ते वाचून घ्या: वीम ॲम्पला ते आहे, ॲम्प प्रो आणि अल्ट्राला नाही. घरात जुना पण धडधाकट ॲम्प्लिफायर असलेल्या माणसाने दुसरीकडे बघायचं फारसं कारण नाही.

ॲमेझॉन एको आणि गूगलचे छोटे स्पीकर सर्वांत स्वस्त. बोलून गाणं लावता येतं, ज्येष्ठांना ते सोपं पडतं. पण नेट गेलं की खोल्यांचा गट गेला. एकोच्या गटात ब्लूटूथवरून आलेला आवाजही पसरवता येत नाही. एको डॉटच्या पाचव्या पिढीत ३.५ मिमीचा जॅक काढून टाकलाय, म्हणजे मोठ्या सेटला तारेने जोडायची सोय गेली. कंपनीच्या सर्व्हरवर टेकलेल्या वस्तूचं काय होतं ते २०२५ च्या मार्चमध्ये दिसलं: एका डिजिटल सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपली आणि गूगलचे क्रोमकास्ट ऑडिओ हे संगीताचे डबे जगभर काही दिवस मुके झाले. डबे ठणठणीत होते.

चौथा पर्याय घरचा सर्व्हर, आणि आमचा जीव यात आहे. घरच्या डिस्कवरची गाणी खोल्याखोल्यांत पाठवणारं लिरियन म्युझिक सर्व्हर हे सॉफ्टवेअर म्हणजे पूर्वीचं लॉजिटेक मीडिया सर्व्हर. ते ज्यांच्यासाठी होतं त्या स्क्वीझबॉक्स प्लेअरचं उत्पादन २०१२ मध्ये थांबलं, तरी वापरणाऱ्यांनी ते जिवंत ठेवलं. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, त्याला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर, गाण्यांची डिस्क, आणि प्रत्येक खोलीत एक प्लेअर, एवढंच सामान. फोनवर अँड्रॉइडला स्क्वीझर, आयफोनला आयपेंग, नाहीतर ब्राउझरमध्ये मटेरियल स्किन. नेट बंद असलं तरी वाय-फाय चालू आहे तोवर प्रत्येक खोलीत वेगळं गाणं लागतं. वीमचे डबेही लिरियनचे प्लेअर म्हणून चालतात, त्यामुळे आज नुसता डबा घेऊन सर्व्हर पुढच्या वर्षी जोडता येतो.

आपला संग्रह असेल तर

केसरबाई, मोगूबाई, अभिषेकीबुवा यांच्या जुन्या कॅसेट आणि सीडी ज्या घरांत डिस्कवर उतरवल्या आहेत, त्यांना सर्व्हरच लागतो. इथे जास्त काम टॅगचं, म्हणजे फाइलमध्ये भरलेल्या गायक-अल्बमच्या नावांचं असतं. एका फाइलमध्ये नाव देवनागरीत आणि दुसरीत रोमनमध्ये असेल तर ॲप त्यांना दोन गायक मानतं. एकच लिपी ठरवा आणि सगळीकडे तीच ठेवा. पूर्वी युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये भरलेली नावं फोनवर अगम्य अक्षरांत दिसतात, ती पुन्हा टंकावीच लागतात. नाटकाच्या पदांच्या एका सीडीवर पाच गायक असले तर ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यात नाटकाचं नाव किंवा एकच सामायिक नाव घाला, नाहीतर सीडी विखरून दिसण्याची शक्यता राहते. फाइल फ्लॅकमध्ये ठेवा, या प्रकारात दर्जा न गमावता फाइल लहान होते. सीडीचा मूळ प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट. पाच खोल्यांत कच्चाच पाठवला तरी ७ मेगाबिट होतो. साध्या राउटरलाही तो जड नाही.

गाणं मध्येच का तुटतं

मग तुटतं का? वेग पुरेसा असतो. पण गाणं ज्या तुकड्यांत जातं ती पाकिटं वाटेत हरवतात आणि उशिरा पोचतात. चिरा, त्यात पावसाळ्यात ओल, आणि राउटर दाराशी जिथे फायबर आत येते तिथे. जुन्या घरात एकच उपाय खात्रीचा: राउटरपासून कॅट६ ची केबल कौलांखालून, भिंतीच्या माथ्यावरून मागच्या खोल्यांपर्यंत न्या आणि तिथे ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वाय-फायने पसरवणारा डबा) लावा. केबल न ओढता ठेवलेला मेश (एकमेकांशी वाय-फायने बोलणाऱ्या राउटरांचा संच) तीच भिंत हवेतून पार करत असतो, म्हणून अर्धाच गुण येतो. अंगणापलीकडच्या आउटहाउसला तांब्याची केबल ओढू नका. मे आणि ऑक्टोबरच्या विजांचा झटका तिच्यातून घरात येतो. तिथे फायबर टाका.

दुसरी तक्रार: ‘ॲपला स्पीकर दिसतच नाही.’ बहुतेक वेळा नेट देणाऱ्याचा राउटर एक आणि त्याला जोडलेला तुमचा दुसरा, अशी घरात दोन नेटवर्कं झालेली असतात. फोन एकावर, स्पीकर दुसऱ्यावर. ॲप स्पीकर शोधायला जी हाक मारतं ती एकाच नेटवर्कमध्ये ऐकू जाते. तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. गेस्ट नेटवर्क स्पीकरना देऊ नका. फोनवर व्हीपीएन असेल तर बंद करून बघा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपची ‘लोकल नेटवर्क’ परवानगी चालू आहे ना बघा. पहिल्यांदा विचारल्यावर ‘नको’ दाबलेलं असतं आणि मग दोष स्पीकरला लागतो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनल ठेवा. पणजी-पर्वरीच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचे दहा राउटर ऐकू येतात, तिथे शक्य ते सगळं ५ गिगाहर्ट्झवर न्या. रास्पबेरी पायचा छोटा भाऊ पाय झिरो २ डब्ल्यू मात्र फक्त २.४ वर चालतो.

वीज परत आल्यावरचा गोंधळ वेगळा. प्लेअर राउटरच्या आधी जागा होतो, त्याला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) मिळत नाही किंवा नवाच मिळतो, आणि ॲपमधली खोली नाहीशी होते. राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाचा पत्ता कायमचा राखून ठेवा आणि राउटर व फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस द्या (आधी अडॅप्टरवरचे अँपिअर वाचा). पायच्या प्लेअरवर पायकोरप्लेअर हे सॉफ्टवेअर टाका. ते मेमरीत चालतं, त्यामुळे अचानक वीज गेल्याने कार्ड सहसा खराब होत नाही. मात्र बदल केल्यावर बॅकअप दाबायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी सेटिंग जुनंच. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नाही, तो वेळ नेटवरून घेतो. वीज आली आणि नेट आलं नाही तर पहाटेचा अभंग भलत्याच वेळी लागेल. पायच्या स्वतःच्या जॅकवर समाधान मानू नका, त्याचा आवाज खरखरीत आहे. वेगळा डॅक (डिजिटल गाणं ॲम्प्लिफायरला समजेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी पट्टी) बसवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲम्प्लिफायर गुणगुणेल.

राजांगण आणि बाहेरची बाजू

आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. राजांगणाच्या (घराच्या मधल्या चौकाच्या) दोन टोकांना १० मीटर अंतरावर स्पीकर ठेवले तर एका स्पीकरपाशी बसलेल्याला दुसऱ्याचा आवाज २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, ॲपने दोन्ही अगदी एकाच क्षणी वाजवले तरी. शब्द पुसट होतात. राजांगणात एकच जोडी लावा, एकाच बाजूला.

बल्कांवावर (दारासमोरच्या बैठकीच्या ओट्यावर) किंवा बागेत वायरलेस स्पीकर कायमचा ठेवू नका. खारी हवा त्याच्या जोडण्या खाते. बाहेर पाऊस सोसणारा साधा स्पीकर लावा, ॲम्प्लिफायर आत ठेवा. १.५ चौरस मिमीची तांब्याची तार ८ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत पुरते: येण्या-जाण्याचा रोध सुमारे ०.३६ ओहम, म्हणजे ५ टक्क्यांच्या आत. त्या खोलीला ॲपमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घाला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

कोणी काय घ्यावं

फ्लॅट, चांगलं फायबर, स्पॉटिफायवरच सगळं: वीम किंवा कास्ट असलेले स्पीकर, सर्व्हरच्या भानगडीत पडू नका. स्पीकर नाहीतच, खर्चाची तयारी आहे आणि तारा दिसायला नकोत: सोनोस. साखळी-वाळपईकडे नेट वरचेवर जात असेल, किंवा संग्रह स्वतःचा असेल: लिरियन, आणि खोल्यांत वीम किंवा पाय. एको ज्येष्ठांच्या एका खोलीसाठी ठीक.

काहीही घ्या, आधी दोनच खोल्यांचं घ्या, आणि राउटरपासून सर्वांत दूरची खोली त्यांपैकी एक असू द्या. एका संध्याकाळी दोन्ही खोल्या एकत्र वाजत असताना राउटरमधली बाहेरून येणारी फायबरची किंवा नेटची केबल काढा. मग मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी लावा. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून, तुम्ही मदत न करता, किती खोल्या परत वाजतात ते मोजा आणि मगच उरलेल्या खोल्यांची ऑर्डर द्या.