डीटी-८३०डी मल्टिमीटर: ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर किती कामाचा?

चावी फिरवली की सेल्फचा (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा) नुसता 'टक्' आवाज येतो, आणि पहिला पैसा जातो नव्या बॅटरीवर. अनेकदा बॅटरी ठणठणीत असते. दोष असतो गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत (बॅटरीचं निगेटिव्ह टोक ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडणारी पट्टी) नाहीतर सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या, म्हणजे सोलेनॉइडच्या, जळलेल्या कॉन्टॅक्टमध्ये. हे ओळखायला इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारा डीटी-८३०डी हा व्होल्टेज मोजायचा मीटर पुरतो. फक्त कुठे लावायचा ते कळलं पाहिजे.

डायल डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर १२.६ दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. या आकड्यावर थांबू नका. आतून खराब झालेली बॅटरीही लोड नसताना १२.५ दाखवू शकते. इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपचा दांडा ओढून ठेवा (चावीने बंद होणाऱ्या ट्रॅक्टरला डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा) आणि चार-पाच सेकंद सेल्फ मारा. व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढतोय. मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे पहिला झटका त्यात पकडला जात नाही. स्थिरावलेला आकडा धरा.

या मीटरची खरी किंमत वसूल होते ती व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीत आणि सांध्यांत वाया जाणारं व्होल्टेज, तपासताना. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर. लाल पिन सेल्फच्या बॉडीच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारताना ०.३ व्होल्टपर्यंत आलं तर ठीक. त्याहून जास्त म्हणजे अर्थिंगची पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा. पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.५ ची मर्यादा. इथे मीटरच्या बझरवर (वायर जोडलेली असली की वाजणाऱ्या) विसंबू नये. वायरची एकच तार शिल्लक असली तरी बझर वाजतो, कारण तो अगदी किरकोळ करंट सोडतो. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात.

सेल्फच्या सोलेनॉइडच्या बारीक वायरवर चावी फिरवताना १२ व्होल्टच्या आसपास येत नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच, क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच तपासा. येत असूनही सेल्फ हलत नसेल तर सोलेनॉइड किंवा सेल्फ उतरवा. स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करू नका: त्यात सेफ्टी स्विच बाजूला पडतो, आणि गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर मागच्या चाकाजवळ उभ्या माणसावर येतो.

उणिवाही आहेत. सोबतच्या वायरी बारीक, पिनाजवळ लवकर तुटतात. क्रोकोडाइल क्लिपची जोडी वेगळी घ्याच, एकट्याने तपासताना तिच्याशिवाय भागत नाही. मीटर आपोआप बंद होत नाही. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे चढे दिसतात, आणि ट्रॅक्टरची मेलेली बॅटरी चांगली वाटू लागते. १० अँपिअरच्या सॉकेटला बहुधा फ्यूज नसतो, त्यावर सेल्फचा करंट मोजायला गेलात तर मीटर आणि वायरी जळतील.

सेल्फ जोरात फिरतोय, तरी धुरांड्यातून धूर अजिबात नाही? मग इंजिनपर्यंत डिझेल पोचत नाही. चावी चालू असताना स्टॉप सोलेनॉइडवर (डिझेल बंद करणाऱ्या) १२ व्होल्ट येतात का एवढं बघून मीटर बाजूला ठेवा. टाकीचा कॉक उघडा, फिल्टरचं पाणी सोडा, फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा. तरीही नाही, तर नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की कसा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. तिथे कॉम्प्रेशन आणि टायमिंग तपासणारा मिस्त्रीच हवा.