फोक्सवॅगन व्हॅन आणि पिकअपसाठी तामियाचे टीएस स्प्रे

हासेगावा या जपानी कंपनीचे १:२४ मापाचे फोक्सवॅगन टाइप २ हे प्लास्टिक मॉडेलचे किट जोडायला फारसे अवघड नाही. त्याची खरी कसोटी रंगकामात लागते. १९६७ सालच्या या डिलिव्हरी व्हॅनला मागच्या भागात बाजूच्या खिडक्या नसल्यामुळे जेमतेम १८ सेंटिमीटर लांबीच्या मॉडेलवरही सपाट पत्र्याचा मोठा पृष्ठभाग उघडा राहतो आणि त्यावर धुळीचा एक कणसुद्धा लपत नाही. ही व्हॅन आणि त्याच मालिकेतली पिकअप अशा दोन्ही गाड्या मी तामिया या दुसऱ्या जपानी कंपनीच्या टीएस स्प्रेने रंगवल्या. एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणारे छोटे यंत्र, नसलेल्या माणसाला घरच्या घरी इतके चांगले काम देणारा दुसरा रंग माझ्या पाहण्यात नाही.

टीएस हा १०० मिलिलिटरच्या कॅनमध्ये मिळणारा सिंथेटिक लॅकर असून तो किटच्या नेहमीच्या प्लास्टिकसाठी बनवलेला आहे. तामियाचीच पीएस मालिका रेडिओ-नियंत्रित गाड्यांच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असते, तेव्हा विकत घेताना गल्लत होऊ देऊ नये. फवारण्यापूर्वी कॅन काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक आणि एकसारखा येतो. पाणी मात्र कधीही कढत नसावे. पहिले दोन हात अगदी विरळ द्यावेत, मधे दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत आणि मगच शेवटचा ओला हात द्यावा, म्हणजे रंग स्वतःहून पसरून सपाट बसतो व ओघळ येत नाहीत.

या गाडीच्या नाकावर, गोल बोधचिन्हाच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरत जाणारी इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ असते आणि दुरंगी कामात सर्वाधिक वेळ तिलाच लागतो. मी आधी टीएस-७ रेसिंग व्हाइट मारून दोन दिवस वाळू दिला. मग मास्किंग टेप काचेवर चिकटवून नव्या पात्याने तिच्या दोन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, त्या वळणावर थोड्याथोड्या वाकवत बसवल्या आणि त्यांची कड टूथपिकने दाबून घेतली. त्यानंतर टेपच्या कडेवर पुन्हा त्याच पांढऱ्याचा एक विरळ हात दिला, कारण टेपखाली काही झिरपायचेच असेल तर ते पांढरे झिरपते आणि वर मारलेल्या टीएस-४१ कोरल ब्लूची रेघ स्वच्छ राहते. टेप काढली तेव्हा नाकावरची ती निळी कड सुरीने कापल्यासारखी निघाली. तासभराच्या मेहनतीचे चीज झाले.

पिकअपचे काम त्या मानाने लवकर उरकले. खऱ्या गाडीच्या हौद्यात लाकडी पट्ट्या असत, म्हणून हौद्याचा तळ मी ब्रशने लाकडी रंगात रंगवला.

ठाण्यात जुलैच्या एका दमट दुपारी घाई करून मारलेला निळा हात मात्र वाळताना धुरकट पांढरा पडला. लॅकर झपाट्याने वाळतो आणि हवेतली आर्द्रता पृष्ठभागावर धरून ठेवतो, त्यामुळे कोकणपट्टीत पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावे. कोरड्या दिवशी वरून पुन्हा एक ओला हात दिल्यावर तो धुरकटपणा गेला.

सर्वांत वर मारायचा टीएस-१३ क्लिअर हा पारदर्शक लॅकर वापरताना विशेष सांभाळावे. तो जाड बसला तर त्यातल्या द्रावकाने डीकॅल, म्हणजे गाडीवर चिकटवायची पातळ छापील चित्रे, सुरकुततात, म्हणून डीकॅलवर तीन-चार कोरडे, धुक्यासारखे हात देऊन मगच ओला हात द्यावा. आठवडाभराने २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासह हलका फिरवून तामियाचे फाइन आणि फिनिश हे पॉलिशचे कंपाउंड लावले असता व्हॅनच्या बाजूवर ट्यूबलाइटची सरळ रेघ न मोडता दिसू लागली. उंचवट्यांवर मात्र पेपर फिरवू नये, कारण तिथला रंग सर्वांत आधी निघून खालचा प्रायमर, म्हणजे अस्तराचा थर, दिसू लागतो.

वास उग्र आहे, मास्क आणि उघडी गच्ची हवीच, आणि फवाऱ्यातला बराच रंग हवेत उडून जातो. तरीही माझ्या पुढच्या गाडीसाठी मी टीएसचेच दोन कॅन आणून ठेवले आहेत आणि पाऊस सरण्याची वाट पाहत आहे.