विजया तेल की आठवड्याची गोळी : माझ्या बोटांचा कौल

ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो आजार) आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी घ्यावी की रोज रात्री विजयाचे, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचे तेल, असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. गोळीच्या मळमळीला कंटाळून मी ती सात महिने बंद ठेवली आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर तेल सुरू केले. गोळी बंद केल्याचे माझ्या नेहमीच्या डॉक्टरांना मात्र सांगितले नाही, ही चूक आधीच कबूल करतो.

कायद्याची भीती अनेकांना वाटते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंडे सोबत नसतील तर पाने येत नाहीत, आणि म्हणूनच पानांच्या अर्काची आयुर्वेदिक औषधे चिठ्ठीवर मिळतात. पण कायदेशीर आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे, असे समजू नये.

तेलाने झोप सुधारली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ५८ रुग्णांना पाच आठवडे तोंडात फवारायचे कॅनाबिसचे (याच झाडाचे) औषध किंवा औषध नसलेला नुसता फवारा देण्यात आला होता. औषध घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, झोप सुधारली, सकाळच्या आखडण्यात मात्र फरक पडला नाही. माझेही तसेच झाले. पाच आठवड्यांवरून वर्षानुवर्षे रोज घेण्याच्या सुरक्षिततेबद्दल काही ठरवता येत नाही, ही गोष्ट मला पुढे अधिकाधिक बोचू लागली.

खरा वैताग आणला तो ड्रॉपरने. रात्री सुजलेल्या अंगठ्याने तो रबरी फुगा दाबायचा, तर कधी एक थेंब यायचा, कधी तीन एकदम. सोलापूरच्या मे महिन्यात तेल पातळ होऊन ओघळायचे, थंडीत फुगा दाबूनही लवकर सुटायचे नाही. पाच थेंब घेतले की सात, हे मला कधीच खात्रीने सांगता आले नाही, आणि पोटातून घेतलेल्या टीएचसीचा, म्हणजे तेलातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा, अंमल दोन तासांपर्यंत उशिरा चढू शकतो, त्यामुळे चूक कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असे. एकदा सकाळी अक्कलकोट रस्त्याने स्कूटरवरून कारखान्याच्या हिशेबाला निघालो असता सिग्नल हिरवा होऊनही मी तसाच उभा राहिलो. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आलो. ज्या आजाराने बोटेच निकामी होतात, त्याचे औषध बोटांनीच मोजायचे, हे मला शेवटपर्यंत पटले नाही.

मेथोट्रेक्सेट साधीसुधी आहे असे मुळीच नाही. ती चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकते, दारू वर्ज्य करावी लागते, आणि मूल हवे असणाऱ्या स्त्रीने तर दोन्ही पर्याय टाळावेत. मात्र तिची मात्रा ठरलेली असते, सोबत फॉलिक ॲसिड असते, आणि रक्तपेशी व यकृताच्या ठरावीक तपासण्यांत बिघाड लवकर दिसतो. तेल घेताना मनगट दुखत नव्हते, पण सूज वाढतच होती, आणि ती मला चादरींच्या खतावणीवर हात टेकवताना दिसली. वेदना झाकली म्हणजे सांध्याची झीज थांबली, असे होत नाही.

प्रत्येकाची प्रकृती वेगळी, त्यामुळे माझेच खरे असा आग्रह नाही. तरीही आज माझी गोळी रविवारी संध्याकाळी भाकरी खाऊन झाल्यावर असते, सोमवारी दुपारपर्यंत तोंडाला चव नसते, आणि मला ते परवडते. मळमळ सोसवत नसेल तर हेच औषध इंजेक्शनने घेता येते, ते डॉक्टरांना आधी विचारावे. तेल घ्यायचेच असेल तर गोळीच्या जागी नव्हे, केवळ झोपेपुरते, आणि तेही डॉक्टरांना सांगूनच. सीबीडी या झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकानेही यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात आणि वॉरफरीन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम तीव्र होऊ शकतो. थेंब मात्र घरातल्या धडधाकट बोटांच्या माणसाकडून मोजून घ्यावेत.