आर्किटेक्चर समितीचे दहा महिने : सोलापुरातील एका रुग्णालयाचा अनुभव

सोलापुरातील दीडशे खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयाचा संगणक विभाग मी सांभाळतो. गेल्या दहा महिन्यांपासून आमच्याकडे कोणतेही नवे सॉफ्टवेअर, नवे यंत्र किंवा दोन प्रणालींमधील नवी जोडणी आर्किटेक्चर समितीच्या, म्हणजे संगणक प्रणालींची एकंदर रचना ठरवणाऱ्या समितीच्या, लेखी मंजुरीशिवाय होत नाही. समितीची कार्यपद्धती टोगॅफ या, संस्थेच्या सगळ्या संगणक प्रणालींची रचना आखण्याच्या चौकटीवर बेतलेली आहे. ‘द ओपन ग्रुप’ या संगणक क्षेत्रातील मानके ठरवणाऱ्या संस्थेने ही चौकट १९९५ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या आराखड्यावरून तयार केली आणि तिची दहावी आवृत्ती २०२२ मध्ये आली. ती सगळीच्या सगळी राबवणे आमच्या चार माणसांच्या विभागाला झेपणारे नव्हते. म्हणून आम्ही त्यातून तीनच गोष्टी घेतल्या : सर्व प्रणालींची एक नोंदवही, प्रत्येक माहितीचा ठरलेला धनी आणि प्रत्येक निर्णयाची एकपानी नोंद.

याची गरज आम्हांला एका सीटी स्कॅनच्या वेळी पटली. अक्कलकोट तालुक्यातून आलेल्या एका मावशींना कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावे म्हणून टोचले जाणारे औषध) देऊन स्कॅन करायचा होता आणि संगणकावर त्यांचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, एकही रिपोर्ट दिसत नव्हता. तंत्रज्ञाने सहज म्हणून मुलाला विचारले, तेव्हा त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून आमच्याच लॅबचा तीन आठवड्यांपूर्वीचा कागद काढला. त्यावर २.८ हा आकडा होता. मूत्रपिंडाची अशी स्थिती असताना कॉन्ट्रास्ट द्यावा की नाही, याचा विचार डॉक्टरांनी करायलाच हवा होता आणि तो करण्यासाठी लागणारा आकडा आमच्याकडे असूनही आमच्या पडद्यावर नव्हता. शोधल्यावर कळले, की मावशी ओपीडीत ‘लक्ष्मीबाई’, कॅज्युअल्टीत ‘लक्ष्मी’ आणि लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लक्ष्मम्मा’ होत्या. तीन नोंदी, तीन क्रमांक.

सोलापुरात हे घडणे नवल नाही. येथील ओपीडीच्या रांगेत मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा असतात आणि नाव विचारणारा कारकून ते कानाला जसे येईल तसे टंकित करतो. जन्मतारखेवरून जुळवावे, तर शाळेत नाव घालताना १ जून लिहिण्याची आपल्याकडची जुनी रीत आडवी येते आणि दोन भिन्न माणसे एकच वाटू लागतात. त्यामुळे समितीचा पहिला निर्णय असा झाला, की रुग्णक्रमांकाचा धनी फक्त नोंदणी विभाग असेल आणि लॅब, एक्सरे, औषध दुकान यांपैकी कोणतीही प्रणाली स्वतःचा क्रमांक तयार करणार नाही. सरकारी आरोग्य ओळखीचा चौदा अंकी आभा क्रमांक आम्ही जोडओळख म्हणून नोंदवतो, मुख्य क्रमांक म्हणून नव्हे; कारण तो ऐच्छिक आहे आणि अपघातात आलेल्या बेशुद्ध रुग्णाकडे तो मागता येत नाही. कागदावर दोन ओळींचा हा निर्णय प्रत्यक्षात यायला चार महिने लागले, पण संपूर्ण प्रयोगात सर्वांत मोलाचा हाच ठरला.

लॅबच्या सॉफ्टवेअरवाल्यांशी झालेला व्यवहार मात्र क्लेशदायक होता. क्रमांक बदलण्यासाठी जुना डेटा मागितला, तेव्हा त्यांनी तो देण्याचे वेगळे पैसे सांगितले आणि करारात त्याविषयी एक शब्दही नसल्यामुळे आम्हांला ते मोजावे लागले. रुग्णांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी आमची असताना ती आमच्याच हाती नसावी, हे मला आजही पटत नाही. आता डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत देण्याचे कलम, तपासण्यांसाठी एचएल सेव्हन आणि चित्रांसाठी डायकॉम या माहिती देवाणघेवाणीच्या मानकांची लेखी हमी असल्याशिवाय खरेदीची फाइल लेखा विभागाकडे जात नाही.

नोंदवही करताना घड्याळांचा दोष उघड झाला. लॅबमधील एका यंत्राचे घड्याळ सर्व्हरच्या अकरा मिनिटे मागे होते, त्यामुळे तातडीच्या काही नमुन्यांचा निकाल नमुना घेण्याआधीच आल्याचे दिसे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत घड्याळे प्रमाण वेळेशी जुळवणे, लॉग (संगणकातील घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज कित्येक दिवस कागदावर चालवावे लागले, हे आठवून आम्ही ‘संगणक बंद’ची रंगीत तालीम दर तिमाहीला घेऊ लागलो. ती आखण्यात माझ्यापेक्षा मेट्रनबाईंचा वाटा मोठा आहे. कोरे केसपेपर कोणत्या कपाटात असतात, हे त्यांनाच ठाऊक होते.

या पद्धतीत उणिवाही आहेत. समिती पंधरा दिवसांनी बसते, त्यामुळे अतिदक्षता विभागाच्या मॉनिटरच्या जोडणीला सहा आठवडे लागले आणि तेथील डॉक्टरांची नाराजी रास्त होती. त्यानंतर आम्ही तातडीची मंजुरी तीन सह्यांवर देण्याची आणि पुढच्या बैठकीत ती तपासण्याची सोय केली. टोगॅफचे पाठ्यसाहित्य इंग्रजीत आणि मोठ्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. बिलिंग काउंटरवरील सहकाऱ्यांसाठी त्याचा सोप्या मराठीत गोषवारा मलाच करावा लागला. वरिष्ठ डॉक्टरांची बैठकीतील उपस्थिती आजही अपुरी आहे. पन्नास खाटांखालील रुग्णालयाने समिती नेमण्याच्या फंदात न पडता नोंदवही आणि माहितीचे धनी एवढेच ठरवावे, असे माझे मत आहे.

सीटीच्या मागणीपत्रावर आता क्रिएटिनिनचा रकाना लॅबमधून आपोआप भरला जातो आणि तो रिकामा असेल, तर तंत्रज्ञ संबंधित विभागाला फोन करतो. दुहेरी नोंदी जुळवण्याचे काम नोंदणी विभागातील दोघीजणी रोज दुपारी, रुग्णाला किंवा नातेवाइकांना फोनवर विचारून, हाताने करतात. २०१९ पूर्वीच्या नोंदी अजून शिल्लक आहेत.