एचबी ६.८ आणि जठराचा कॅन्सर: पसरलाय का ते बघायला सीटी, पेट की दुर्बीण?

मामांचा एचबी ६.८ आला आणि घरात सगळ्यांचं एकच, एवढं रक्त कमी म्हणजे पसरलाच असणार. तसं नसतं हो. जठरातली गाठ थेंब थेंब रक्त गाळत राहते, शी डांबरासारखी काळी होते, शरीरातलं लोह संपतं, आणि न पसरलेल्या गाठीतही हे होतं. बोन मॅरोत (हाडांच्या आत, जिथे रक्त बनतं तिथे) कॅन्सर शिरून पण रक्त कमी होतं, पण ते क्वचित, आणि तेव्हा बहुतेक प्लेटलेट पण पडलेल्या असतात, स्मिअरमध्ये (रक्ताचा थेंब काचेवर पसरून बघतात त्यात) कच्च्या पेशी दिसतात.

वय, एचबी, सीईए (रक्तातला कॅन्सरचा मार्कर) टाकून पसरण्याची टक्केवारी काढून देणारे कॅल्क्युलेटर असतात, माझ्या भावाने रात्री दोन वाजता तेच केलं. ते खूप पेशंटच्या रेकॉर्डवरनं बनवलेले असतात, मामांच्या पोटात काय चाललंय ते त्यांना कुठून दिसणार. सीईए नॉर्मल आलं म्हणून हुरळू पण नका.

सीटी तर करावीच लागते, लिव्हर, फुप्फुस, लांबच्या लिम्फच्या गाठी त्यात दिसतात. पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे साबुदाण्याएवढे दाणे तिला सहज चुकतात आणि हा कॅन्सर नेमका तिथेच जायला बघतो.

पेट स्कॅनमध्ये आमचा घोळ झाला. त्यात साखरेसारखं औषध टोचून ते कुठे जास्त खेचलं जातं ते बघतात. बायोप्सीत सिग्नेट रिंग (अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींचा कॅन्सर) लिहिलेलं, हा प्रकार पेटची साखर कमी खेचतो, म्हणजे पेट क्लीन आलं तरी पोट क्लीन असेलच असं नाही, हे आधी कोणी सांगितलंच नाही. वर रिपोर्टात "मॅरोत सगळीकडे अपटेक" (म्हणजे साखर खेचली गेली), मामी वाचून रडायलाच लागल्या. डॉक्टर म्हणाले अहो रक्त कमी आहे म्हणून मॅरो जोरात कामाला लागलाय, एकाच जागी ठिपका असता तर वेगळी गोष्ट.

दुर्बीण म्हणजे तोंडातून घालतात ती नव्हे, पोटाची, लॅपरोस्कोपी. तिला पूर्ण भूल लागते, म्हणून आधी मामांना दोन पिशव्या रक्त चढवलं. बेंबीजवळ छिद्र पाडून आत बघतात, सलाइनने पोट धुऊन ते पाणी तपासतात. गाठ भिंतीत खोल गेली असेल तर सीटी क्लीन असूनही साधारण पाचात एकाला इथे पसरलेलं सापडतं, नुसत्या पाण्यात पेशी निघाल्या तरी स्टेज ४. कळून उपयोग काय? मोठं ऑपरेशन टळतं. २०१६ च्या रेगाटा ट्रायलमध्ये (जपान, कोरिया, सिंगापूर, १७५ पेशंट) पसरलेल्यांचं आधी जठर काढून मग केमो दिली तरी नुसत्या केमोपेक्षा आयुष्य वाढलं नाही.

माझं विचाराल तर सिग्नेट रिंग किंवा खोल गाठ असेल तर सीटीनंतर सरळ दुर्बिणीचं विचारा. सीटीत लिव्हरवर काही शंका असेल आणि बायोप्सीत प्रकार इंटेस्टाइनल (जठराच्या कॅन्सरचाच दुसरा प्रकार) असेल तर पेटचे पैसे वसूल. लिव्हर सीटीतच भरलेलं दिसलं तर दुर्बिणीची बहुतेक गरजच नाही. आणि पोट धुतलेलं पाणी सायटोलॉजीला (पेशी तपासायला) पाठवणार ना, हे आधीच विचारून ठेवा, आमच्या पहिल्या हॉस्पिटलात ते पाठवणारच नव्हते.